जुनी बेस गिटार घेताना : नाव नव्हे, मान पाहा

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पैसा हाती आला की दोन बाजार एकदम तापतात. एक कापडाचा आणि दुसरा गाण्या-बजावण्याचा. गणपती, यवतमाळ शहराचा मोठा दुर्गोत्सव आणि दिवाळीनंतरची लग्नसराई या दिवसांत ऑर्केस्ट्रा, बँड पार्टी, कव्वाली पार्टी आणि भीमगीतांचे संच यांना उसंत नसते. आम्ही कापडवाले. या मंडळींच्या गणवेशाचे आणि चमकदार कोटांचे कापड आमच्यासारख्यांच्या दुकानातून जाते आणि त्यांची उधारीही आमच्याच वहीत असते. त्यामुळे त्यांचा पैसा कोठे मुरतो हे आम्हांला दिसते. अलीकडे तो जुन्या बेस गिटारीत मुरताना दिसतो.

आमच्या माहितीतील एका तरुणाने आईच्या बांगड्या गहाण ठेवून लाल चकचकीत रंगाची जुनी बेस घेतली. तिच्यावर नाव मोठ्या अमेरिकन कंपनीचे होते. पहिल्याच उन्हाळ्यात तिची मान वाकली, आणि नाव हे नुसते चिकटवलेले स्टिकर असल्याचे दुरुस्तीवाल्याने दाखवून दिले. हंगाम बुडाला, व्याज मात्र चालू राहिले. कापडाच्या धंद्यात काठावरचा शिक्का पाहून ठाण उचलणारा आणि सूत न पाहणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. वाद्याच्या खरेदीतही तोच कायदा आहे. म्हणून हा माल कसा पारखावा, त्याची रास्त किंमत कशी काढावी आणि सुधारणेवर किती खर्च करावा, हे येथे देत आहोत. वाजवणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आणि सुतारकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनाही त्यात धंदा दिसावा, हा आमचा हेतू आहे.

रेडिओ मेकॅनिकचे वाद्य

बेस गिटार हे चार जाड तारांचे वाद्य. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, त्यावरच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ वेळा. गाण्याचा ठेका आणि सूर यांना बांधून ठेवणारी ही खालची पट्टी असते. ऐकणाऱ्याला ती वेगळी जाणवत नाही, पण बंद पडली की गाणे पोकळ वाटते. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बास करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि ते काम खांद्याला अडकवता येईल अशा वाद्यात आले. मानेवर पडदे म्हणजे फ्रेट बसवल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन.

हे फेंडर मूळचे कोण? कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. गावातले वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन येत आणि त्या दुरुस्तीतून हा माणूस वाद्याच्या धंद्यात शिरला. १९६० मध्ये त्यांच्या कंपनीने दोन पिकअपची ‘जॅझ बेस’ काढली. १९६५ मध्ये ती कंपनी सी.बी.एस. या मोठ्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. दारव्हा किंवा उमरखेडच्या रेडिओवाल्याने ही हकीकत एकदा नीट वाचावी. आजही बाजारातील बहुतेक बेस गिटारी याच दोन नमुन्यांवर बेतलेल्या असतात आणि त्यांच्या पोटातील वायरिंग जुन्या रेडिओपेक्षा कितीतरी सोपे असते.

आपल्याकडे हे वाद्य मुंबईच्या सिनेसंगीतातून घराघरांत ऐकू आले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ किंवा चरणजित सिंग यांच्यासारख्यांनी ती पट्टी वाजवली. ऑर्केस्ट्रात तीच गाणी वाजवायची तर बेस लागणारच. की-बोर्डवर तिचा आवाज काढता येतो हे खरे, पण तारेचा जोर वेगळा असतो आणि पार्टी ठरवणारे गिऱ्हाईक मंचावर माणसे मोजते.

माल येतो कोठून

जिल्ह्यातील खरेदीदार बहुधा नागपूर किंवा मुंबईला जातो. नवा माल तीन थरांचा असतो. कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी कंपन्यांचा स्वस्त माल, यामाहा व आयबानेझसारख्या जपानी कंपन्यांचा मधला माल, आणि त्यावर अमेरिकन महाग माल. जुना माल येतो तो मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून, शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या कॉलेजच्या मुलांकडून आणि हप्ता थकलेल्या वादकाकडून. यांतला मधला प्रकार सर्वांत बरा, कारण अशी गिटार फार वाजलेली नसते. मोडलेल्या पार्टीचा माल टेम्पोत आपटलेला, घामाने गंजलेला आणि मांडवाच्या धुळीने भरलेला असतो. पण स्वस्तात मिळाला आणि मान सरळ असली तर फायद्याचा.

आधी मान तपासा

बेसची मान लांब असते. नटपासून घोडीपर्यंत म्हणजे ब्रिजपर्यंत तार साधारण ३४ इंच. एवढ्या लांब लाकडावर चार जाड तारांचा ताण सतत असतो. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. या उलटापालटीत कच्चे लाकूड पीळ खाते. सुकलेले, पक्के लाकूड टिकते. म्हणून तपासणी या क्रमाने करावी.

पहिले, गिटार सुरात लावून घ्यावी. तारा सैल असताना मान सरळ दिसणे याला काही अर्थ नाही.

दुसरे, बंदुकीचा नेम धरावा तशी डोक्याकडून घोडीकडे नजर टाकावी. मानेच्या दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि एक खाली दिसली तर मानेला पीळ आहे. पिळलेली मान सहसा दुरुस्त होत नाही. तो सौदा तेथेच सोडावा.

तिसरे, जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबावी. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, सुमारे ०.३ मिलिमीटर, फट असावी. फट जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे, फटच नसेल तर मागे. एवढा दोष मानेतल्या लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, निघतो. पण ती सळई फिरते का, हे मालकाकडून पैसे देण्यापूर्वीच फिरवून घ्यावे. एका वेळी पाव फेरा पुरे. सळईचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा त्याची धार मोडलेली असेल, तर मोठा खर्च समोर आहे असे समजावे.

चौथे, नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत टेपने मोजावे. ३४ इंची गिटारीत ते १७ इंच भरते. तेथून घोडीपर्यंतही जवळपास तेवढेच, किंचित जास्त भरले पाहिजे. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तेथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर एकच लागला पाहिजे.

पाचवे, प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवावा. घाई करू नये. कोठे खरखर येते, कोठे सूर लगेच मरतो, कोठे पडद्यात तारेने खळगा पाडला आहे, हे कागदावर लिहावे. शेवटी डोके आणि मान यांच्या सांध्यावर नख फिरवून बारीक चीर लागते का ते पाहावे. रंगाचा नवा थर तेवढ्याच जागी असेल तर तेथे मोडून जोडले आहे असे धरावे.

पोटातील वीज

आता मल्टीमीटर काढा. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची इनॅमल तार. मोटर वाइंडिंग करणाऱ्या आपल्या बांधवांना हे चटकन समजेल, फक्त येथील तार केसासारखी असते, ४२ गेज, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर, आणि तिचे हजारो वेढे असतात. लोखंडी तार चुंबकापुढे थरथरली की या वेढ्यांत बारीक वीज निर्माण होते.

साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या बेसमध्ये वायर लावून व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावावा. प्रिसिजन नमुन्याच्या पिकअपला साधारण १० ते ११ किलो-ओहम आकडा येतो. जॅझ नमुन्यात एक व्हॉल्यूम बंद करून दुसरा तपासावा. प्रत्येकी ७ ते ८ च्या आसपास आकडा येतो. प्रिसिजनमध्ये २५० च्या जवळ आकडा आला तर पिकअपची तार तुटली आहे आणि मीटरला नुसता २५० किलो-ओहमचा पॉट दिसतो आहे. शून्य आले तर कोठेतरी शॉर्ट आहे. नऊ व्होल्ट बॅटरीच्या, म्हणजे अॅक्टिव्ह, बेसला ही परीक्षा चालत नाही, कारण मध्ये सर्किट असते. तिच्यात बॅटरीचा कप्पा उघडून हिरवा गंज आहे का पाहावा आणि नवी बॅटरी घालून ऐकावे. अशा गिटारीत वायर खुपसली की बॅटरी चालू होते. म्हणून कार्यक्रम संपला की वायर काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते.

पॉट फिरवताना खरखर झाली तर घाबरू नये, पण भाव मात्र कमी करावा. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुतेक खरखर जाते. शिलाई मशीनचे तेल घालू नये, धूळ आणखी चिकटते. टोनचा कंडेन्सर बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. तो कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्स दुकानात काही रुपयांत मिळतो.

एक खूण जुन्या मालासाठी फार कामाची आहे. अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ १३७ ६६१२. यात १३७ हा सी.टी.एस. या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे साल आणि १२ हा आठवडा. म्हणजे तो पॉट १९६६ च्या बाराव्या आठवड्यातला. गिटार त्यापूर्वीची असू शकत नाही, अर्थात पॉट मागाहून बदललेला नसेल तर. झाळलेले सांधे जुने व मळलेले आहेत की नवे चकचकीत, हे पाहिले की तेही कळते.

किमतीचा हिशेब

आमचा ठोकताळा असा. तीच वस्तू आज नवी केवढ्याला मिळते हे दोन दुकानांतून विचारावे. निर्दोष जुन्या मालाला त्याच्या निम्मी किंमत धरावी. मग दोषांचा खर्च एकेक करून वजा करावा. समजा नवा भाव २०,००० रुपये आहे. निम्मे झाले १०,०००. तारा गेलेल्या, नव्या संचाचे १,५००. पॉट, जॅक आणि मजुरी ६००. पडदे घासून सारखे करण्याचे १,४००. राहिले ६,५००. वाजवण्यासाठी घेणाऱ्याने याच्या वर जाऊ नये. विकण्यासाठी घेणाऱ्याला १,५०० रुपये नफा हवा असेल, तर त्याने ५,००० ला बोलणी थांबवावीत. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, रीत मात्र कोणत्याही मालाला लागू पडते.

रंग उडाला, पोचे पडले, यासाठी विक्रेता किंमत कमी करतो, पण आवाजाला त्याने काही होत नाही. उलट नवा रंग मारलेल्या मालाकडे संशयाने पाहावे. कापडातही खळ जास्त असली की आपण सूत तपासतोच.

याला अपवाद एकच. १९६५ पूर्वीच्या अस्सल अमेरिकन बेसची किंमत या हिशेबात बसत नाही. जगभर संग्राहक तिला मोठी किंमत देतात आणि ती किंमत मूळ भागांची असते. असा माल जुन्या घरात मिळालाच, तर एकही सांधा न झाळता, रंगाला हात न लावता जाणकाराला दाखवावा. तेथे सुधारणा म्हणजे नुकसान. कोणत्याही गिटारीचा बदललेला मूळ भाग फेकू नये. डबीत घालून गिटारीबरोबर ठेवावा. विकताना त्याचेही पैसे मिळतात.

सुधारणा कोणत्या क्रमाने

अनेक तरुण पहिल्याच दिवशी महागडे पिकअप मागवतात. हे म्हणजे मांजरपाटावर भारी जर लावण्यासारखे. १०,००० च्या गिटारीत ८,००० चे सर्किट घातले म्हणून ती १८,००० ला विकली जात नाही. घेणारा फार तर हजार-दोन हजार जास्त देतो. म्हणून स्वस्त आणि जास्त गुणाचे काम आधी करावे.

सर्वांत आधी नव्या तारा आणि पूर्ण जुळवणी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवावी आणि घोडीवर प्रत्येक तारेचा सूर नेमका करावा. निम्म्या तक्रारी येथेच संपतात. मग जॅक व पॉट. त्यानंतर पोटातील खाचेला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडावी. मांडवातील ट्यूबलाइटची आणि डिमरची घरघर यामुळे बरीच कमी होते. इतके करूनही आवाज पातळ वाटला, तरच पिकअप बदलावे. बॅटरीचे सर्किट सर्वांत शेवटी. १९७६ मध्ये आलेल्या ‘म्युझिक मॅन स्टिंगरे’ या बेसने असे सर्किट लोकप्रिय केले. लांब वायर ओढून मोठ्या मंचावर वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण कार्यक्रमाच्या मध्येच बॅटरी संपली आणि गिटारीला साध्या वायरिंगवर टाकणारी कळ नसली, तर आवाज बंद पडतो. खिशात दुसरी बॅटरी ठेवणे हाही सुधारणेचाच भाग.

गिटार चांगली असून आवाज येत नाही, अशी तक्रार असेल तर दोष अनेकदा स्पीकरचा असतो. मांडवाच्या भोंग्यातून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडूच शकत नाही. मोठ्या, बंद पेटीतल्या बारा-पंधरा इंची स्पीकरला पर्याय नाही.

जिवाची गोष्ट

येथे पैशापेक्षा मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. बेसच्या तारा घोडीतून आणि वायरीतून अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. मांडवात जनरेटरवर जोडणी करताना तीन पिनांपैकी अर्थची पिन कापून टाकण्याची खोड आपल्याकडे सर्रास आहे. अँप्लिफायरमध्ये वीज उतरली की ती तारांवर येते. वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकला, म्हणजे सर्किट पूर्ण. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वे हे गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला स्पर्श होताच भर मंचावर मरण पावले. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर जोडणी सहसा ठीक असते. हाताला मुंग्या आल्या किंवा घरघर वाढली तर त्याच क्षणी हात काढावा, मेन स्विच बंद करावा आणि अर्थ तपासल्याशिवाय पुढे वाजवू नये. मंचाची सर्व उपकरणे अर्थ असलेल्या एकाच ठिकाणाहून चालवावीत आणि लाइनवर ईएलसीबी बसवावा. बयाना कितीही मोठा असो, तो जिवापेक्षा मोठा नाही.

मिरजेकडून घेण्याचा धडा

वाद्याच्या हुन्नरात आपल्या राज्यात मिरजेचे नाव मोठे आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी १९ व्या शतकात सतार व तंबोरे करण्यात नाव कमावले. हत्याराचे काम कमी झाले तेव्हा तोच हात लाकडाकडे आणि तारेकडे वळला. पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन म्हणजे जी.आय. मिळाले. या गावाचे नाव नुसत्या विक्रीवर उभे राहिलेले नाही. घोडी घासून जवारी काढणे, पडदे सरकवणे, फुटलेला भोपळा जोडणे, अशा दुरुस्तीसाठी वादक पुन्हा त्याच दारी येतो. नवा माल एकदा विकला जातो, दुरुस्तीचे गिऱ्हाईक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आपल्या जिल्ह्यात बेसच्या मानेची जुळवणी करून घेण्यासाठी आज वादकाला नागपूर गाठावे लागते. भाडे, मुक्काम आणि हंगामातले दोन दिवस जातात. पुसद, दिग्रस, वणी, पांढरकवडा या गावांत सोल्डरवर हात बसलेले मेकॅनिक आहेत आणि सागवानावर काम करणारे सुतार आहेत. दोघांनी एकत्र बसावे. मल्टीमीटर आणि सोल्डर गन असतेच. पडदे घासण्याची कानस, सरळ लोखंडी पट्टी, फट मोजण्याच्या पात्या आणि सुराचा ट्यूनर एवढी भर पुरे. पहिल्यांदा स्वस्त, निकामी गिटारीवर हात बसवावा, मग गिऱ्हाईकाचा माल घ्यावा.

धंदा करायचा तर कागद चोख हवा. जुना माल घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहून, मालाचा क्रमांक आणि किंमत लिहून सही घ्यावी. चोरीचा माल स्वस्त वाटतो, पण पोलीस चौकीत महाग पडतो. जीएसटी नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि मालाचे स्वरूप पालटले नसेल, तर केंद्रीय जीएसटी नियम ३२ (५) प्रमाणे खरेदी-विक्रीतील फरकावर कर आकारता येतो. सर्किट, पिकअप असे मोठे बदल करून विकत असाल तर आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे. गिऱ्हाईकाला काय बदलले आणि काय मूळचे आहे, हे बिलावर लिहून द्यावे. मानेला दोष असेल तर तो आपण होऊन दाखवावा. दोष दाखवून विकलेला माल परत येत नाही, गिऱ्हाईक मात्र परत येते.